हंसाचं लाल फडकं

हंसाच्या गळ्यात आणखी एक मणी वाढला होता. रखमाबाईला तो विहिरीपासूनच दिसला.

"आले होते वाटतं तुझे लुटारू?"

"आले ना, रखमाबाय. काल तर दारापाशी उतरले," हंसा हसली. "आदी लय भ्या वाटायचा. आता मीच हात पुढं करून उभी राते."

पहिल्या खेपेला आभाळातून आलेल्या त्या चकचकीत होडीने हंसाच्या वलांडीवर, मासे सुकवायच्या बांबूंवर, वाळत टाकलेले सगळे बोंबील ओरबाडून नेले होते. तारापूरला अणुभट्टीच्या कामावर जाणारा प्रताप म्हणाला, हे परग्रहावरचे लुटारू. मासिकातल्या गोष्टींत असतात तसे. गावाने दारं लावून घेतली. पण पुढच्या खेपेपासून लुटारू बोंबलांच्या जागी निळा, ऊबदार मणी ठेवू लागले. प्रताप चक्रावला. गोष्टीतला लुटारू कधी काही देत नाही. गावाने दारं उघडली.

रखमाबाईच्या बोंबलांकडे मात्र होडी ढुंकूनही बघेना. मासे तेच, वारा तोच. मालाची सरमिसळ होऊ नये म्हणून प्रत्येक घर आपल्या वलांडीला फडकं बांधायचं. हंसाचं लाल, रखमाबाईचं पांढरं. फरक तेवढाच.

ती घरी आली तेव्हा नवरा, रामू, माशांच्या तुकड्यांची टोपली घेऊन किनाऱ्यावरच्या आपल्या होडीकडे निघाला होता.

"गळ इसरलात," ती म्हणाली.

"नाय इसरलो. आज बी नुसता चारा टाकायचा."

"माशांचे सासरे हाव का तुमी? रोज फुकट जेवन!"

"मोठी घोळ मासळी हाय गो. पैली तिची भीड मोडाया लागते."

रखमाबाईचं लक्ष नव्हतं. ती शेजारच्या लाल फडक्याकडे बघत होती.

दुपारी हंसा सुकट विकायला बोईसरच्या बाजाराला गेली. रखमाबाईने तिच्या वलांडीचं लाल फडकं सोडून आपल्या वलांडीला बांधलं आणि आपलं पांढरं तिथे अडकवलं.

दिवेलागणीला होडी आली आणि सरळ रखमाबाईच्या डोक्यावर थांबली. बायका दारात येऊन बघू लागल्या. बाजारातून परतणारी हंसाही वाटेवरच उभी राहिली. रखमाबाईला तेच हवं होतं.

आज बोंबलांना कुणी हात लावला नाही. नुसता मणी खाली आला. नारळाएवढा. हंसाच्या सगळ्या मण्यांहून मोठा. रखमाबाईने तो दोन्ही हातांनी झेलला, छातीशी धरला आणि हंसाकडे वळली.

"बघ गो! हाय का तुझ्याकडं असा?"

हंसा मण्याकडे बघत नव्हती. ती मण्याच्या वर बघत होती. रखमाबाईने मान उचलली. मण्यातून केसासारखा बारीक धागा निघून सरळ होडीत गेला होता. तिने हात सोडवायला झटका दिला. हात सुटले नाहीत, आणि धागा ताणला गेला.