दुसऱ्या अंकातला प्रवेश

बेल वाजवण्याआधी सरांनी दाराबाहेरच वाक्यं म्हणून पाहिली. ‘मी तुमच्या मुलाला मारलं. माझं चुकलं.’ दोनच वाक्यं होती. पण आयुष्यभर दुसऱ्यांकडून वाक्यं पाठ करून घेणाऱ्या या माणसाच्या तोंडात ती काही केल्या बसेनात.

परवा तालमीत, ऐन रडण्याच्या प्रवेशात, या घरातला पोरगा हसला. पुन्हा पुन्हा हसला. सरांचा हात उठला तो थेट त्याच्या गालावर बसला. पोरांनी चपला घातल्या आणि एकेक करत निघून गेली. काल कुणीच फिरकलं नाही. ‘तो आला तर आम्ही येऊ,’ एवढाच निरोप आला.

एकमेकांचं तोंड न पाहणारी ही पोरं सरांनी एकत्र आणली होती. आता ती एकमेकांच्या डब्यात हात घालायची, आपली भांडणं आपणच मिटवायची. आणि इथे कुणी कुणावर हात उगारायचा नाही, हे पहिल्या दिवशी सांगितलं कुणी, तर सरांनीच. ते आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. म्हणून काल त्यांनी पोराच्या बाबांना फोन केला होता. उद्या येतो, जरा बोलायचं आहे.

दार आईने उघडलं.

“या ना सर! वाटच बघत होतो.”

आत सगळं घर बसलेलं होतं. बाबा खुर्चीत, आजोबा पलंगावर, धाकटी बहीण आजोबांना चिकटून. पोरगा खिडकीपाशी उभा होता. त्याच्या गालाकडे बघायचं सरांनी टाळलं.

पाणी पिऊन त्यांनी घसा खाकरला. “मी खरं म्हणजे परवाचं...”

“ती थप्पड ना?” आई म्हणाली. “सांगितलं की त्याने. नाटकातलीच आहे म्हणे.”

सरांनी चमकून पोराकडे पाहिलं.

“आम्ही आधी घाबरलोच...” आजोबा म्हणाले आणि अडले. आईने त्यांच्याकडे पाहिलं, तसं ते पुढे म्हणाले, “हां, मग कळलं, अभिनय आहे. पण केवढा खरा!”

पोरगा खाली मान घालून उभा होता. त्याने आपल्याला सांभाळून घेतलं, हे सरांच्या ध्यानात आलं. त्यांना भरून आलं आणि स्वतःची शिसारीही आली. पण आता खरं सांगायचं म्हणजे पोराला त्याच्याच घरात खोटं पाडायचं! सबब सापडली की माणसाला किती हलकं वाटतं. सरांनाही वाटलं.

बाबा पुढे सरकले. “कुठे येतो हो हा प्रवेश?”

पोराने मान वर केली.

“दुसऱ्या अंकात,” सर म्हणाले.

“आणि तो माणूस मारतो कशाला त्याला?”

“राग आवरत नाही म्हणून.” निदान एवढं तरी खरं होतं.

“मग? मारल्यावर काही बोलत नाही तो?”

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. “नाही. तिथे पडदा पडतो.”

“बरं,” बाबा म्हणाले आणि मागे टेकून बसले.

सर उठले. “उद्या ये रे तालमीला.”

“बघतो, सर.”

बाहेर येऊन सर बुटांच्या नाड्या बांधायला वाकले. लाज वाटत होती, खूप वाटत होती, पण वेळ तर निभावली होती. उद्या पोरं येतील. पुढेमागे याला एकट्याला गाठून माफी मागू, असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं.

दार नीट लागलं नव्हतं. आतून धाकटीचा आवाज आला.

“असं कसं रे दादा? काल आपल्या तालमीत बाबा सर झाले होते, तेव्हा तर सरांनी माफी मागितली होती!”