दम्याची सूट

“खोकल्याच्या आधी हात शोध,” मार्सेलिना आत्या म्हणाली. “दमेकरी माणूस आधी कशाचा तरी आधार धरतो, मग खोकतो. तू बसल्या जागी भुंकतोस.”

प्रबुद्धने टेबलाची कड धरली आणि पुन्हा खोकला.

“आता टेबल आजारी वाटतंय,” आत्या म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

मरोळ गावठाणातल्या या घरात प्रबुद्धला रिचर्डने आणलं होतं. रिचर्ड त्याचा कोच, मार्सेलिना रिचर्डची आत्या. आत्याला दमा जुना होता, त्यामुळे शिकवणी तिच्याकडे.

प्रबुद्ध घाटकोपरचा, असल्फाच्या टेकडीवर वाढलेला. त्याचा उजवा ठोसा बसला की समोरचा पत्ता विसरायचा. पण शेवटच्या फेऱ्यांत प्रबुद्धच गळायचा. तोंड उघडं, हात खाली. रिचर्डच्या मते हा निव्वळ आळस होता. त्याने प्रबुद्धला जुहूच्या वाळूत पळवलं, त्याचा वडापाव बंद केला. फरक शून्य.

मग रिचर्डला कुठून तरी कळलं की दम्याच्या काही गोळ्यांत स्टेरॉइड असतं. बॉक्सिंगमध्ये त्यांवर बंदी. पण खरोखर दमा असेल, तर बॉक्सिंग संघटनेचे डॉक्टर तपासून गोळ्या घ्यायची सूट देतात.

“म्हणजे मी खोटं बोलायचं?” प्रबुद्धने विचारलं होतं.

“बोलायचं कुठे? खोकायचं,” रिचर्ड म्हणाला. “मुलुंडला टायटलची लढत आहे, प्रितमशी. तो तुला शेवटच्या फेरीपर्यंत नेणार आणि मग खाणार. तुला हे माहितीये, मला माहितीये, त्यालापण माहितीये.”

हे खरं होतं. प्रबुद्ध खोकायला शिकला.

संघटनेच्या अंधेरीच्या ऑफिसात डॉक्टर रुचिरा बसल्या होत्या. प्रबुद्धने दारातच चौकट पकडली आणि आत्याने शिकवलेलं सगळं एका दमात करून दाखवलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, झालं का म्हणून विचारलं आणि त्याच्या तोंडात मशीनची नळी दिली.

“फुंका.”

रिचर्डने बजावून ठेवलं होतं की इथे हळूच फुंकायचं, मेल्यासारखं. प्रबुद्धने तशी सुरुवातही केली.

“जोरात!” डॉक्टर ओरडल्या. “अजून! अजून! सोडू नका!”

इथे घोटाळा झाला. गेली कित्येक वर्षं रिंगच्या कोपऱ्यातून कोणी असं ओरडलं की प्रबुद्धचं अंग आपोआप कामाला लागायचं. त्याने जीव तोडून फुंकलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. डॉक्टरांनी कसलासा औषधी वाफारा दिला आणि पुन्हा ओरडल्या. तो पुन्हा फुंकून बसला.

“वाट लागली, सर,” खाली आल्यावर तो रिचर्डला म्हणाला. “पूर्ण ताकद लावली मी.”

रिचर्डने मरोळ नाक्यापर्यंत त्याला शिव्या घातल्या.

पण सूट मिळाली. रिचर्डने आत्याला केक नेऊन दिला. “तुझ्या खोकल्याने काम केलं,” तो तिला म्हणाला. मग त्याने जिममध्ये येईल-जाईल त्याला प्रबुद्धच्या दम्याची करुण कहाणी ऐकवली. कोणाला शंका नको.

लढतीच्या संध्याकाळी प्रबुद्ध मुलुंडच्या हॉलमध्ये कपडे बदलायच्या खोलीत बसला होता. गोळ्या तळहातावर होत्या. इतक्यात दार ढकलून प्रितम आत आला. हाताला पट्ट्या बांधलेल्या, अंगाला व्हॅसलिन.

“दम्याचं ऐकलं तुझ्या,” प्रितम म्हणाला. “माझा बाप त्यातच गेला. जिना चढायला घाबरायचा रे तो. आणि तू रिंगमध्ये उतरतोस. मारणार तर मी तुला आहेच, पण मानलं तुला.”

त्याने हात पुढे केला. प्रबुद्धने गोळ्या डाव्या मुठीत लपवल्या आणि उजवा हात मिळवला. प्रितम गेल्यावर तो बेसिनपाशी गेला, गोळ्या टाकल्या आणि नळ सोडला. बराच वेळ सोडून ठेवला.

पहिल्या फेऱ्या त्याच्या होत्या. नंतर नेहमीचं सुरू झालं. छातीवर कोणीतरी बसलं, कान वाजायला लागले. “हात वर! आळशा, हात वर!” रिचर्ड खालून ओरडत होता. शेवटच्या फेरीत प्रबुद्धला प्रितम नीट दिसतही नव्हता. गोळी नाही, आता आपलं जे आहे ते एवढंच, असं मनाशी म्हणत त्याने उजवा हात फेकला. कुठे लागला ते त्याला कळलं नाही. पंचांचे आकडे मात्र ऐकू आले, आणि मोजणी संपली तेव्हा उभा तोच होता.

पट्टा कमरेला लागला. रिचर्ड रडला. “बघ, गोळीची कमाल,” तो कानात म्हणाला. प्रबुद्धला ते लागलं. आयुष्यात पहिल्यांदा शेवटची फेरी स्वतःच्या बळावर जिंकली होती, आणि श्रेय गोळीच्या खात्यावर.

पुढच्या सोमवारी तो रिचर्डला न सांगता अंधेरीला गेला. पट्टा पिशवीत घालून. त्याने तो डॉक्टर रुचिरांच्या टेबलावर ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. मला दमा नाही. खोकला शिकून आलो होतो. तुम्हाला फसवलं. गोळ्या मात्र घेतल्या नाहीत, शपथ. आता जी काय बंदी घालायची ती घाला.

डॉक्टरांनी चष्मा काढला.

“अजिबात घेतल्या नाहीत?”

“एकही नाही.”

“आणि शेवटच्या फेरीपर्यंत लढलात?”

“हो, मॅडम.”

त्यांनी पट्टा उचलून त्याच्या हातात दिला आणि समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

“बसा आधी. तुमचा खोकला खोटा होता हे मला दारातच कळलं, इतका वाईट खोकला मी ऐकलेला नाही,” त्या म्हणाल्या. “सूट मी मशीन बघून दिली. दमा खरा आहे.”