दस्त्यावरचा गाल

हंबीररावांच्या ठासणीच्या बंदुकीचा लाकडी दस्ता वाळवीनं खाल्ला होता. खंडेनवमीच्या पूजेला त्यांना नवा हवा होता, पण रंग जुनाच, जवसाच्या तेलात कढवलेला गेरू. आटपाडीच्या महिपती सुतारानं शिसवाचा दस्ता घडवला, घरामागच्या शेडमधल्या शिकंज्यात आवळला आणि रंगाचा पहिला हात दिला. नळी अजून हंबीररावांच्याच घरी होती.

सकाळी ओल्या रंगावर गाल टेकल्याची खूण होती. दाढीच्या खुंटांचे ठिपकेसुद्धा उमटले होते.

"मंगल, शेडमधी कोण आलं हुतं का?"

"किल्ली तुमच्याच कडदोऱ्याला हाय की," बायको म्हणाली. ती शेडच्या दारासमोरच्या ओट्यावर सुपानं बाजरी पाखडत होती.

त्यानं खूण घासली, दुसरा हात दिला. सकाळी गाल परत तिथंच होता, जास्त खोल रुतलेला. महिपतीनं वाकून दस्त्याच्या रेषेत डोळा लावला. समोर ओटा दिसला.

त्यानं दस्ता काढून भिंतीकडं तोंड करून आवळला, शेवटचा हात दिला आणि कुंचला धुवायला मागच्या हौदावर गेला. बाहेर सुपाचा आवाज चालू होता.

परत आला तेव्हा दस्त्याचं तोंड दाराकडं होतं. गालाची खूण ताजी होती.

तो शिकंजा सोडवायला धावला. त्याच्या डोळ्यांदेखत, चापाच्या खाचेपाशी, बोटभर ओला रंग सावकाश मागं ओढला गेला.

"मंगल, उठ तितनं."

सुपाचा आवाज थांबला.

"मंगल?"