एकोणिसावा फॉन्ट

कॉलेजातल्या सरांच्या प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकाची अक्षरजुळणी करताना छापखान्यातल्या बाईंच्या नाकी नऊ आले होते. कोडमध्ये ग्रीक अक्षरं होती आणि सरांचा हट्ट एकच. "या पहिल्या फॉन्टात ग्रीक 'न्यू' आणि इंग्रजी 'व्ही' सारखेच दिसतात हो. पोरं एकाच्या जागी दुसरं टाइप करतील आणि प्रोग्रॅम चालला नाही की माझ्या नावाने बोटं मोडतील. दोन्ही वेगळे दिसतील असा फॉन्ट शोधा."

बाईंनी अठरा फॉन्ट लावून पाहिले. एकात ग्रीक अक्षरांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी उमटल्या, एकात कोडच्या ओळी समासाबाहेर गेल्या, आणि बाकीच्यांत न्यू-व्ही जुळ्या भावांसारखे. एकोणिसाव्यात मात्र न्यूला छान बाक होता. अवघडलेली मान चोळत बाईंनी सगळी पानं पुन्हा लावली आणि प्रूफ घेऊन सरांसमोर बसल्या.

'यातला प्रत्येक प्रोग्रॅम मी स्वतः चालवून पाहिला आहे,' या प्रस्तावनेतल्या ओळीवर सरांनी समाधानाने मान डोलावली. मग ते पहिल्या प्रोग्रॅमवर आले. वरच्या ओळीत न्यू होता, खालच्या ओळीत त्याच्याच जागी व्ही. पुढच्या पानावरही तेच.

"हे तुमच्याकडून झालं का?"

"नाही सर. तुमच्या फाइलमधून जसंच्या तसं उचललंय."

सरांनी चष्मा काढून पुसला.



"बाई, डोळ्यांना तो पहिलाच फॉन्ट बरा होता."