दफनविधीचा पाठ

वर्गात पुरायला कोणी नव्हतं, म्हणून दिनकररावांनी एक बाक पुढं ओढून त्यावर काळी घोंगडी पांघरली. बाप्तिस्म्याच्या पाठाला पंच्याची गुंडाळी बाळ झाली होती, तसा आज हा बाक मयत. मातीच्या जागी बशीत खडूची भुकटी.

दिनकरराव परभणीचे पाळक. महिन्यातल्या एका शनिवारी ते पूर्णेच्या चर्चमध्ये येऊन मंडळीतल्या चार-पाच जणांना विधी शिकवत. पाळक पोचला नाही तरी कुणाचं काही अडू नये, एवढ्यासाठी.

पहिला रंगनाथ उभा राहिला. तो रेल्वेत गँगमन. विधीच्या पुस्तकात मयताच्या नावाची जागा कोरी होती. तिथं त्यानं बेधडक आपल्या मुकादमाचं नाव घेतलं आणि बाकाला माती दिली. वर्ग हसला. दिनकररावही हसले. मग म्हणाले, जिवंत माणसाला पुरू नका, दुसरं मनातलं कुठलंही नाव घ्या.

नंतर कुसुमबाई उठल्या.

“मामी, बायका तर कबरस्तानात मागंच थांबतेत,” रंगनाथ म्हणाला. “तुमी कशाला शिकायलाव हे?”

“पाळक न्हाई आले तर कुनी म्हनावं?”

रंगनाथनं मान खाली घातली. गेल्या पावसाळ्यात कुसुमबाईंचा नवरा गेला, तेव्हा नामांतराच्या दंगलीनं गाड्या बंद होत्या. दिनकरराव परभणीच्या फलाटावर दिवसभर बसून राहिले. इकडं चौघांनी एक गीत म्हटलं आणि माती लोटली. विधीतलं एक वाक्यही कुणाला येत नव्हतं. त्या चौघांत रंगनाथ होता.

कुसुमबाई वाचू लागल्या. अक्षर लावत लावत, पण न चुकता. दिनकरराव हातात पेन्सिल घेऊन टिपत होते, आवाज कुठं पडतो, कुठं थांबायला हवं. कोऱ्या जागेशी त्या थांबल्या. बराच वेळ पुढं गेल्याच नाहीत. गोंधळल्या असतील, असं दिनकररावांना वाटलं.

“कुठलंही नाव चालतंय, बाई.”

कुसुमबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

“सूर्यभान,” त्या म्हणाल्या.

नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा त्या शेजारणीला सांगायला लावत.

दिनकररावांची पेन्सिल थांबली. कुसुमबाई मात्र आता थांबल्या नाहीत. मातीस माती म्हणून त्यांनी बशीतली चिमूट घोंगडीवर सोडली. राखेस राख, दुसरी. धुळीस धूळ, तिसरी. शेवटची प्रार्थना त्यांनी पुस्तकात न बघताच म्हटली. ‘आमेन’ म्हणताना दिनकररावांच्या लक्षात आलं की आपण उठून उभे राहिलो आहोत.

कुसुमबाई आपल्या जागेवर जाऊन बसल्या. बोटांना लागलेली भुकटी त्यांनी पुसली नाही.

आता पाळी वैजीनाथची. तो पुढं आला आणि भुकटी झटकायला त्यानं घोंगडीचं टोक धरलं.

“राहू द्या,” दिनकरराव म्हणाले. “दुसरा बाक घ्या.”

रिकामा बाक नव्हता. रंगनाथ उठला, आपला बाक त्यानं पुढं आणून ठेवला, आणि वर्ग सुटेपर्यंत भिंतीशी उभा राहिला.