एकाच माणसाची ट्यूब

बिडकीनच्या पंक्चर दुकानात करीमने ट्रॅक्टरची जुनी ट्यूब पुंजारामसमोर टाकली.

"मासे धरायला हीच स्वस्तात पडेल. पण भाऊ, हिच्यावर एकच माणूस बसतो. तुम्ही तर धरणात जोडीनं जाता. भाभी वल्हं मारतात, तुम्ही जाळं टाकता. त्यापेक्षा पत्र्याची जुनी होडी बघा."

"होडी परवडत नाय. अन् परवडली तरी नको."

करीम हसला. "भाभीशी भांडण झालं का?"

पुंजारामची बायको द्वारकाबाई पदराने ट्यूबवरची माती पुसत होती. ती खाली बघतच म्हणाली, "आमचा सांडूभावजी, ह्यांचा भाऊ, अन् त्याची बायको एकाच होडीत होते. वाऱ्यानं होडी उलटली, दोघंबी गेले. त्यांच्या पोरी आता आमच्यापाशी हायेत. आमच्या दोन अन् त्यांच्या दोन."

"म्हणून आमच्यातलं एक जण काठावर राहिलं पाहिजे," पुंजाराम म्हणाला. "वारं काय, कवाबी सुटतं."

करीमने ट्यूबमध्ये थोडी हवा भरली आणि ती पाण्याच्या टाकीत दाबून सगळीकडून फिरवली. बुडबुडा कुठेच आला नाही. मग त्याने हवेची नळी पुन्हा हातात घेतली.

"वजनाच्या अंदाजानं हवा भरावी लागते," तो म्हणाला. "बसणार कोण?"

"मी," दोघेही एकदमच म्हणाले.