खात्रीची तीनचाकी

"चार चाकांची घ्या ताई. शहापुरात सगळे हीच नेतात," असं म्हणत सुरेंद्रने गुलाबी छताची बाबागाडी पुढे ढकलली. फरशीच्या खाचेत तिचं बारकं चाक अडकलं. त्याने ते पायाने हळूच सोडवलं.

दामिनीने ते बघितलं. "मला हिला घेऊन पळायचंय," ती म्हणाली. "चालायचं नाय, पळायचंय."

नऊ महिन्यांची छकुली तिच्या खांद्यावर झोपली होती. दोन पावलं मागे सासू उभी होती, धोंडीबाई. दुकानात शिरल्यापासून ती मांडलेल्या गाड्यांची चाकं न्याहाळत होती.

"पोरीला घेऊन पळायचंय? कशाला?"

"पोलीस भरतीचं ग्राउंड हाय. दीड महिना ऱ्हायला."

खर्डीच्या अलीकडच्या पाड्यावर त्यांचं घर. दामिनीचा नवरा ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. सासू पहाटे कामाला जायची ती दिवेलागणीला परतायची. मग पोर ठेवायचं कुणाकडे? शेजारणीने दोन दिवस सांभाळलं, तिसऱ्या दिवशी तिची दाढ ठणकायला लागली. मागच्या भरतीला दामिनी पोटुशी होती आणि पुढच्या भरतीपर्यंत वय निघून जाणार होतं. हुकली की कायमची हुकली.

"मग सांगायचं ना आधी!" सुरेंद्रला चेव आला. त्याने काचेमागून एक तीनचाकी काढली. ती बाहेर काढताना त्याची मान आपोआप ताठ झाली. "ही बघा. हवेची मोठी चाकं, खडीतनं जाईल. पळताना पुढचं चाक या कळीने सरळ धरून ठेवायचं. हा ब्रेक. हा पट्टा मनगटात अडकवायचा, म्हणजे हात सुटला तरी गाडी सुटत नाही. आणि रोजच्या वापराला..." त्याने खटका ओढला तशी गाडी दुमडून एवढीशी झाली. "रिक्षात पायाशी मावते. इंपोर्टेड आहे. या पट्ट्यात फक्त माझ्याकडे."

"पाड्याकडं मोठा उतार हाय," दामिनी म्हणाली. "पळताना पुढलं चाक निखळलं तर? खात्री कोन देनार?"

हे तिने सासूकडे बघत विचारलं होतं. पण दुकान सुरेंद्रचं, म्हणून उत्तरही त्यानेच दिलं.

"अहो, परदेशातल्या कारागिरांचं काम आहे ते. आपल्या लोकांच्या हाताला जमायचं नाही असलं."

दामिनीने ओढणी तोंडाशी नेली. तिला खोकला आला असावा, असं सुरेंद्रला वाटलं.

धोंडीबाई पुढे आली. तिने गाडी आडवी केली, पुढच्या चाकाखाली बोट घातलं आणि वाकून बघितलं. तिचा हात राठ होता, बोटांना काळे चरे पडलेले. फक्त उजव्या करंगळीच्या नखाला नारिंगी नेलपॉलिश, बाकीची नऊ नखं कोरी. या वयात बाईला हौस आली आणि एका नखावर संपली, अशी सुरेंद्रने मनातल्या मनात थट्टा केली.

"ही नको," धोंडीबाई म्हणाली.

"का? काय वाईट आहे?"

"दुसरी काढा."

दुसरी खोक्यातून काढून जोडावी लागली. धोंडीबाईने पुन्हा तेच केलं. आडवी केली, वाकली, बघितलं.

"ही पन नको."

"मावशी, बाबागाडी आहे ही," सुरेंद्र म्हणाला. "वांगी नाहीत निवडून घ्यायला. सगळ्या एकसारख्याच असतात."

"आसतील. तिसरी काढा."

गिऱ्हाईक जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून त्याने दात-ओठ खात तिसरं खोकं फोडलं. धोंडीबाईने चाकाखाली बोट घातलं आणि ते तिथेच थांबलं. तिने चाक फिरवलं. ते बराच वेळ आवाज न करता फिरत राहिलं.

"ही," ती म्हणाली. "बसव गो पोरीला."

छकुलीला पट्ट्यांनी बांधून दामिनी रस्त्यावर आली. आधी चालली, मग तिने वेग घेतला. पिंपळाच्या पारापर्यंत ती सुसाट गेली आणि वळून तशीच परत आली. गतिरोधकावरून गाडी उडाली, पण चाक जराही डगमगलं नाही. छकुली जागी होऊन खिदळत होती. रस्त्यावरची माणसं बघत राहिली. धोंडीबाईने पदराने डोळे पुसले आणि कुणी बघितलं नाही ना म्हणून इकडेतिकडे बघितलं.

"बघितलंत?" सुरेंद्रचा ऊर भरून आला होता. "याला म्हणतात इंपोर्टेड!"

पैसे धोंडीबाईने दिले. निघताना एकदा तपासून द्यावी म्हणून सुरेंद्र पाना घेऊन गाडीपाशी बसला. पुढच्या चाकाच्या नटावर रंगाचा एक ठिपका होता, अर्धा नटावर, अर्धा बोल्टवर.

"नव्या मालावर डाग! थांबा, पुसून देतो," म्हणत त्याने फडकं उचललं.

धोंडीबाईने त्याचं मनगट धरलं. तिची नारिंगी करंगळी त्या नारिंगी ठिपक्याला लागून होती.

"पुसू नको रे," ती म्हणाली. "वाशिंदच्या कंपनीत आमी सहा बाया हे नट आवळतो. आवळला की वर ठिपका, जिचा तिचा रंग. त्या दोन गाड्या पन वायट नव्हत्या, पन हिच्यात माझी नात बसनार हाय."